तायडे सिस्टरांचा हात

तायडे सिस्टरांनी मारलेली चापट मी पहिल्यांदा पाहिली ती नोकरीच्या तिसऱ्या दिवशी. ग्रामीण रुग्णालयात माझी गोळ्यांची खिडकी आणि त्यांची ड्रेसिंगची खोली समोरासमोर, मधे नुसता व्हरांडा. गावाचं नाव सांगत नाही. धाडच्या बाजाराला माणसं जीपला लोंबकळत जातात त्या अंगाचं एक गाव, एवढं पुरे. तर त्या सकाळी पन्नाशीचा एक धिप्पाड गडी पायाला फडकं गुंडाळून आला. सिस्टरांनी त्याला दारातच अडवला, त्याच्या खिशात हात घातला, बिडीचं बंडल काढून फिनाईलच्या बादलीत टाकलं आणि त्याच्या कानाखाली अशी वाजवली की मी मोजत असलेल्या गोळ्या माझ्या हातातून सांडल्या. गडी गाल धरून उभा राहिला. सिस्टर म्हणाल्या, "ये आता आत. पाय धुतो तुहा."

मला वाटलं, आता तक्रार होणार, पोलीस येणार, निदान बाईंची बदली तरी होणार. काहीच झालं नाही. गडी मुकाट्याने आत गेला आणि दोन दिवसांनी पुन्हा आला, या खेपेला रिकाम्या खिशाने. रांगेतल्या एका म्हातारीने मला समजावून सांगितलं, "नवे हाय का भाऊ तुम्ही? ते बाई मारते. पन पाय वाचवते."

मी मूळचा देऊळगाव राजाकडचा. आमची बोली जालन्याकडे झुकलेली, त्यामुळे इकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात ते सुरुवातीला कानाला खटकायचं. सिस्टर 'मी मारतो' म्हणायच्या तेव्हा मात्र ते अगदी बरोबर वाटायचं. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, घट्ट अंबाडा घातलेल्या बाई. डाव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, उजवं मनगट मोकळं. बांगड्या काऊन नाहीत असं एका आगाऊ पेशंटने विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "मारतानी फुटते." लग्न झालेलं होतं आणि मोडलेलंही. नवऱ्याने एकदाच हात उगारला आणि दुसऱ्या दिवशी या पेटी घेऊन भावाकडे आल्या, एवढंच मला ठाऊक आहे. पुढचं विचारायची माझी छाती झाली नाही.

तो उजवा हात काही औरच होता. पंजा रुंद, बोटं आखूड, आणि गरम पाणी नि औषधं यांनी कातडी पांढुरकी पडून भेगाळलेली. पेशंटचं नाव विचारायच्या आधी सिस्टर त्याच्या पायाला हात लावायच्या. आधी गुडघ्याखाली, मग घोट्यावर, मग बोटांवर, आणि तोही तळवा नव्हे, हाताची मागची बाजू. मग अंगठ्याचं नख दाबून सोडायच्या आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोठ्याने मोजायच्या. एक, दोन, येथवर आलं तर पेशंट सुटला. चार, पाच झाले की त्यांचा चेहरा बदलायचा आणि माणसं आपोआप एक पाऊल मागे सरायची. डॉक्टर आले की यंत्र लावून तेच सांगायचे, फक्त इंग्रजीत.

रक्त कसं वाहतं हे त्या शेतकऱ्यांना त्यांच्याच भाषेत सांगायच्या. "तुह्या वावरात ठिबक हाय ना? टोकाच्या झाडाले पानी कमी जाते का नाही? काऊन? नळीत क्षार बसते. तुह्या पायाची बोटं म्हंजे टोकाची झाडं. बिडीनं नळी आवळते, शुगरनं आतून चोंदते. झाड पिवळं पडते, मंग काळं पडते, अन् तवा तू मह्याकडं येऊन म्हनतो, सिस्टर मलम लावा. झाडाच्या बुडाले मलम लावून नळी उघडते का बे?" शेवटचा 'बे' पंचाहत्तरीच्या माणसालाही लागायचा. थंड पाय शेकायचा नाही, हा त्यांचा दुसरा पाढा. "मुक्या पायाले चटका कयत नाही. थंडी वाजली तं मोजे घाल, गोधडी घे. विस्तव नाही, गरम पानी नाही, बिबा तं नाहीच नाही." आमच्याकडे टाचेला भेग पडली किंवा काटा मोडला की त्यावर गरम बिबा लावायची जुनी खोड. धडधाकट पायाला एखादवेळ खपून जातं, पण रक्त न पोचणाऱ्या पायाला त्या बिब्याची जखम जन्माची पुरते.

माझीही सुटका नव्हती. दिवसभर पायावर पाय टाकून बसायची माझी सवय आणि घट्ट इलास्टिकचे मोजे. एकदा खिडकीतून आत हात घालून त्यांनी माझ्या गुडघ्यावर कात्रीची मूठ हाणली. "गोळीवाले भाऊ, उठा. दर घंट्याले व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन या. पोटरी म्हंजे पंप हाय. तो बसून चालत नाही." मी अजूनही दर तासाला उठतो. भीतीने लागलेली चांगली सवय सुटत नाही.

त्या खोलीत जे चालायचं ते पाहवत नसे. काळी ठिक्कर पडलेली बोटं, कुजलेल्या मांसाचा तो गोडसर वास, आणि मेलेलं ते सगळं कात्रीने कापत जिवंत मांसापर्यंत पोचणाऱ्या सिस्टर. मेलेलं कापताना माणूस ओरडत नाही. तो ओरडला की त्या थांबायच्या आणि खूश व्हायच्या. "ओरड, ओरड. इथून पुढं तू जित्ता हायेस." माणसं किंचाळायची, शिव्या द्यायची, एकाने तर त्यांच्या दंडाला चावा घेतला. त्यालाही त्यांनी आधी चापट मारली, मग पट्टी बांधली.

इतक्या रागाचं कारण काय, हे मला वर्षभराने कळलं. रुग्णालयाच्या आवारातल्या लिंबाखाली एक उंच, वाळकुडा माणूस रोज सकाळी कंपाउंडाच्या भिंतीकडेने फेऱ्या मारायचा. डोक्यावर पांढरी टोपी, उजवा पाय गुडघ्याखाली नकली. हे सिस्टरांचे थोरले भाऊ, भास्करदादा. हाडाचे सुतार. आमच्या दवाखान्यातली सगळी स्टुलं त्यांच्या हातची. फेरी मारता मारता त्यांची डावी पोटरी आवळून यायची आणि ते थांबायचे. सिस्टर खिडकीतून ओरडायच्या, "दुखलं का थांब. थांबलं का चाल." जरा वेळाने पुन्हा, "दादा, झालं ना आता? चाल." मला तो छळ वाटायचा. पण सहा महिन्यांत दादा न थांबता अर्धी भिंत जायला लागले, आणि वर्षात पूर्ण. मुख्य रस्ता बंद झाला तरी पाय चालता ठेवला तर रक्त आडवाटा पाडतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते त्या भिंतीपाशी.

एकदा त्या माझ्या खिडकीत टेकल्या होत्या. दादा फेऱ्या मारत होते. सिस्टर मला म्हणाल्या, "उजवा गेला तवा मी नवी होती नोकरीत. कोनावर आवाज नाही चढवला मी तवा. लाडीगोडी केली, रडली, देवाच्या शपथा घातल्या. तो हो हो म्हने, अन् संडासात जाऊन बिडी ओढे. गोड बोलून एक पाय गेला, भाऊ. दुसरा मी मारून ठेवतो." त्या दिवसापासून त्यांची प्रत्येक चापट मला दादांच्या डाव्या पायासाठी मारलेली दिसायची. दादांनाही मार चुकलेला नव्हता. लाकडाच्या भुश्शात लपवलेली बिडी सापडली तेव्हा या बाईंनी सख्ख्या थोरल्या भावाला फूटपट्टीने झोडपलं होतं. नंतर दादांनी बिडी खरोखर सोडली. भिऊन सोडली की बहिणीची दया येऊन, ते त्यांनाच माहीत.

एकदा मात्र प्रकरण अंगाशी आलं. तीन ट्रॅक्टरांचा मालक असलेल्या एका वजनदार माणसाला सिस्टरांनी चारचौघांत वाजवली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्याचा पुतण्या चार पोरं घेऊन मोटारसायकलींवर आला. पहिला दगड माझ्या खिडकीतून आला, काच आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या फोडत. मी टेबलाखाली गेलो. लिहायला लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? तिथून मला फक्त पाय दिसत होते. पुतण्याने सिस्टरांचा अंबाडा धरून त्यांना व्हरांड्यात ओढलं. मग लोखंड आपटल्याचा आवाज आला आणि पुतण्या माझ्या समोर गुडघ्यांवर आला. सिस्टरांनी सलाईनचा स्टँड त्याच्या कपाळात घातला होता. चेहरा रक्ताने भरला. बाकीचे चौघे मागे सरकले.

सिस्टरांनी त्याची कॉलर धरून त्याला स्टुलावर बसवलं, आणि जखमेवर कापूस दाबायच्या आधी त्या चौघांना जवळ बोलावलं. केस सुटलेले, ओठ फुटलेला, आणि आवाज वर्गातल्या बाईंचा. "पाह्या. कसं धो धो येऊन राह्यलं. याले म्हनते चालू रस्ता. काल याच्या काकाच्या अंगठ्याले मी सुई टोचली, टिपूस नाही आला. तो अंगठा मेला. आता पाय मरून राह्यला. मले मारून तो जित्ता होते का बे?" डॉक्टर यायच्या आत चार टाके घालून झाले होते. पुढे तोच पुतण्या काकाला मोटारसायकलवर बसवून दर तिसऱ्या दिवशी आणायचा. काकाचा अंगठा गेला, पाय राहिला. तो पुतण्या कपाळावरचा व्रण दाखवून सिस्टरांची गोष्ट अभिमानाने सांगत गावभर फिरायचा.

मीही ती मिटक्या मारत सांगायचो. सखाराम बाबांच्या दिवसापासून सांगेनासा झालो.

सखाराम बाबा अमडापूरकडचे, वय पंचाहत्तरीच्या पुढे. एका हिवाळ्यात ते बायकोला पाठीवर घेऊन जीपमधून उतरले. गंगाबाईंना जुनी शुगर, पाय बधिर, आणि सिस्टरांनी दोघांना बजावून पाठवलेलं. व्हरांड्यातल्या बाकावर गंगाबाईंना बसवून सिस्टरांनी फडकं सोडलं. डाव्या पायाची टाच आणि अर्धा तळवा जळालेला, कडेने काळा पडत चाललेला. वास माझ्यापर्यंत आला.

"हे कशानं झालं?" सिस्टरांनी विचारलं.

"शेगडी ठेवली होती बाई, बाजंखाली," बाबा म्हणाले. "लय कुडकुडत होती हो ते."

सिस्टरांचा हात गेला. त्या म्हाताऱ्या गालावर बसलेल्या चापटीचा आवाज वेगळाच होता. बाबांची टोपी उडून माझ्या खिडकीखाली येऊन पडली. "अकल हाय का बुढ्या? शेकू नको म्हनलं होतं का नाही? मारून टाकला पाय तिचा." बाकावरून गंगाबाई रडत म्हणाल्या, "त्याहिले मारू नका वं बाई. मीच म्हनलं होतं." व्हरांड्यात चाळीस माणसं होती. बाबा चार पावलं चालत आले, वाकले, टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर न घालता हातात धरून उभे राहिले. ती टोपी मला हात लांब करून उचलता आली असती. मी गोळ्या मोजत राहिलो.

गंगाबाईंचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. त्यानंतर बाबा त्यांना ड्रेसिंगसाठी दिवसाआड आणायचे, पुढे जखम भरली तरी महिन्याच्या गोळ्यांना यायचे. प्रत्येक वेळी व्हरांड्याची पायरी चढण्याआधी ते डोक्यावरची टोपी काढायचे, घडी करून पिशवीत ठेवायचे आणि मगच वर यायचे. पुन्हा उडायला नको म्हणून.  मी ते खिडकीतून पाहायचो. सिस्टरांनाही दिसत असणार, कारण बाबा आले की त्या खोलीचं दार लोटून घ्यायच्या.

एकदा धीर करून मी म्हणालो, "सिस्टर, म्हातारा माणूस होता तो."

"मले दिसत नाही का? पन त्याच्या हातानं बायकोचा पाय गेला. मायेनं केलं म्हनून पाय परत येते का?" मग कात्र्या पुसत, माझ्याकडे न बघता, "मायेनंच जाते भाऊ पाय. दुश्मन कोन येते शेकाले?"

दोन वर्षांनी, पौषातल्या एका सकाळी सिस्टर वेळेआधी आल्या. बुलढाण्याच्या घाटाकडून येणारा वारा त्या आठवड्यात हाडं फोडत होता. पायात दोन वेगळ्या चपला, अंगात पांढरा कोट नाही, आणि मागे ऑटोमधून दोघांनी उतरवलेले भास्करदादा. त्यांच्या डाव्या टाचेवर पुरीएवढा फोड होता, आत तांबूस काळसर पाणी. दादा म्हणत होते, "दुखत नाही वं कुसुम. काहीच दुखत नाही." त्यांना वाटत होतं आपण बहिणीला धीर देतोय. दुखत नाही म्हणजे काय, ते ऐकणाऱ्या आम्हा दोघांनाही कळत होतं.

सिस्टरांनी मला सांगितलं ते सपाट आवाजात. "ताप होता त्याले. हुडहुडी भरली. मोजे घातले, दोन गोधड्या टाकल्या. तरी दात वाजून राह्यले होते. कुसुम, पाय बरफ झाला म्हने, काहीतरी कर. मंग मी रबराची पिशवी भरली. हात लावून पाह्यली, मले कोमटच लागली. टॉवेलात गुंडाळून ठेवली, अन् बसल्या बसल्या महा डोळा लागला. टॉवेल सरकला, भाऊ."

सगळी नोकरी उकळत्या पाण्यात आणि औषधांत बुडालेला तो हात. त्याला काय कोमट आणि काय कडकडीत! गावभराच्या पायांचं गारपण ओळखणाऱ्या हाताला गरम कळेनासं झालं होतं, आणि हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या तरी कुठे आलं होतं?

त्यांनी दादांची टाच धुतली, कोरडी पट्टी बांधली, चिठ्ठी लिहायला डॉक्टरांना निरोप पाठवला. सगळं बिनचूक. मग लोखंडी कॉटपाशी गेल्या, उजवा हात वर घेतला आणि कॉटच्या कडेवर आपटला. पुन्हा आपटला. तिसऱ्या वेळी हाडाचा आवाज मी खिडकीतून ऐकला. या खेपेला मी टेबलाखाली गेलो नाही, धावत गेलो. मागून धरलं तर कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि चष्म्याचे दोन तुकडे झाले. दादा कॉटवरून ओरडत होते, "मारू नको तिले, मारू नको," जणू दुसरंच कुणी तिला मारत होतं. सोडवेपर्यंत दोन बोटं भलत्या बाजूला वळली होती.

माझ्या हातातून सुटून त्या व्हरांड्यात आल्या. गोळ्यांची रांग होती आणि रांगेत सखाराम बाबा होते, टोपी पिशवीत. सिस्टर त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाबा, मारा मले."

बाबा दोन पावलं मागे सरले.

"त्या दिवशी सगळ्याइच्या समोर मारलं मी तुमाले. आता तुम्ही मारा. मी दादाचा पाय शेकला."

 बाबांनी दारातून आत पाहिलं. कॉटवर पांढऱ्या पट्टीतला एकुलता पाय त्यांना दिसला. बराच वेळ ते तो पाहत राहिले. मग त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं आणि अगदी हळू, एखाद्या सुतकाच्या घरी विचारावं तसं विचारलं, "लय कुडकुडत होते काय हो ते?"

तायडे सिस्टर खाली फरशीवर बसल्या आणि त्या दुखऱ्या हातासकट तोंड झाकून ओक्साबोक्शी रडल्या. मीही रडलो, सांगायला कसली लाज. बाबा उकिडवे त्यांच्याजवळ बसले. पाठीवर हात वगैरे काही ठेवला नाही, नुसते बसून राहिले. जाताना व्हरांड्याची पायरी उतरायच्या आधीच त्यांनी टोपी पिशवीतून काढून डोक्यावर घातली, आणि त्यानंतर आमच्याकडे ती कधी उतरवली नाही.

दादांना मोठ्या शहरात नेलं. तिथे मांडीतून तार घालून, फुगा फुगवून नळी उघडायचा प्रयत्न झाला. गुडघ्यापर्यंत उघडली, खाली उघडेना. टाचेचं काळं घोट्यावर चढलं. होळीनंतरच्या आठवड्यात डावा पायही गेला. ज्या पायासाठी त्या बाईंनी अर्ध्या तालुक्याला मारलं तो त्यांच्याच हातून गेला, याहून क्रूर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा सिस्टरांची दोन बोटं वाकडीच राहिली. त्या कामावर आल्या, पाय धुतले, पट्ट्या बांधल्या. मारणं मात्र बंद झालं. पेशंटच्या खिशात बंडल दिसलं तर नुसतं पाहायच्या आणि मान फिरवायच्या. महिन्याभरात व्हरांड्याच्या टोकाला बिड्यांची थोटकं पडायला लागली. जुना पेशंट असलेला एक हमाल एकदा काकुळतीला येऊन म्हणाला, "सिस्टर, एक ठेवून द्या ना कानाखाली. त्याबिगर सुटत नाही हो." सिस्टर म्हणाल्या, "हात उठत नाही बाबू." बोटं दुखतात म्हणून म्हणाल्या नव्हत्या, ते त्यालाही कळलं. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा हार त्यांनी घातलाच नाही, सलाईनच्या स्टँडवर टांगून निघून गेल्या.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं, धाडच्या बाजारात. मिरच्यांच्या ढिगांपलीकडे तीनचाकी सायकलवर भास्करदादा बसले होते, मांडीवर गोधडी, डोक्यावर टोपी. सिस्टर कुठे दिसत नव्हत्या. शेजारच्या दोरखंडवाल्याने दादांना बिडी दिली, पेटवूनही दिली. दादांनी ती तोंडाजवळ नेली तेव्हा त्यांच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. उजव्या हाताची दोन बोटं टोकांना निळसर पडली होती. माझ्या मनात आलं, ओढू दे बिचाऱ्याला, आता वाचवायचं काय राहिलंय? इतक्या वर्षांत मी त्या खोलीसमोर बसून हेच शिकलो होतो तर.

तेवढ्यात वांग्यांची पिशवी घेऊन सिस्टर गर्दीतून आल्या. केस पांढरे झालेले, चाल मंद. त्या दादांसमोर थांबल्या आणि बिडीकडे नव्हे, बोटांकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली. दादांचा हात ओढून घेतला, हाताच्या मागच्या बाजूने ती दोन बोटं चाचपली, नख दाबलं, सोडलं. मला ऐकू येत नव्हतं पण ओठ हलताना दिसले. एक, दोन, तीन, चार.

आणि मग तो हात वर गेला. वाकड्या बोटांसकट गेला आणि दादांच्या गालावर असा बसला की मिरच्यावाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. बिडी एकीकडे उडाली, टोपी दुसरीकडे.

"हात हायेत ना अजून," सिस्टर ओरडल्या. सगळ्या बाजाराने ऐकलं. "हात हायेत ना तुहे."

दादा गाल धरून बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला शपथेवर वाटतं की ते हसत होते. सिस्टर वाकल्या, मिरच्यांच्या पलीकडे पडलेली टोपी त्यांनी स्वतः उचलली, पदराने झटकली, दादांच्या डोक्यावर नीट बसवली आणि वरून तळव्याने एकदा दाबली. मग पिशवी दादांच्या मांडीवर ठेवून त्या सायकल ढकलत गर्दीत शिरल्या.